घरची अडचण सोडवून प्रोग्रामिंग खरेच येते का?

विश्रामबागकर : 'क्लासचे पैसे वाचवा, घरातली एखादी अडचण घेऊन बसा, प्रोग्रामिंग आपोआप येते,' हा इथे कुणीतरी दिलेला सल्ला वाचला. सांगलीत अकरा वर्षे हाच विषय शिकवत असल्याने त्यातला 'आपोआप' मला खटकला. ज्या घरात रिकर्शनची, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावण्याची, गरजच पडत नाही, तिथल्या मुलाने ते शिकायचे कधी?

पलूसचा दूधवाला : सर, तो सल्ला माझाच. आमच्या दूध संकलनाचे दहा दिवसांचे बिल वडील मध्यरात्रीपर्यंत वहीत मांडत असत. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट वगळून दुधातले घन घटक) आणि दर या चार रकान्यांनी मला पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली लिस्ट, डिक्शनरी आणि फाइल शिकवली. त्याआधी सहा महिने फी भरून मी सरावाचे म्हणून पडद्यावर चांदण्यांचे त्रिकोण छापत होतो. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनीही स्वतःच्या ग्रंथाची अक्षरजुळणी पसंत पडेना म्हणूनच १९७७ साली टेक् ही अक्षरजुळणीची संगणकप्रणाली हाती घेतली.

विश्रामबागकर : तोवर त्यांचे अल्गोरिदमवरील तीन खंड प्रसिद्ध झाले होते, हे तुम्ही सोयीस्करपणे विसरलात. बिल पूर्ण रुपयांत कसे करता, तेवढे सांगा.

पलूसचा दूधवाला : तिथेच फसलो होतो. ८४२.५० चे ८४२ झाले आणि शेजारणीच्या ८४३.५० चे ८४४. एका आजींनी दोन्ही पावत्या माझ्यापुढे धरून विचारले, "तिला वाढवून दिलंस, माझं का कापलंस रे?" पायथन ३ चे राउंड (पूर्ण संख्या करणारे फंक्शन) बरोबर निम्म्यावर सम संख्येकडे झुकते, हे त्या रात्री कळले आणि अर्धा नेहमी वर न्यायचा नियम सांगता येतो म्हणून मी पायथनच्याच डेसिमलकडे वळलो.

तासगाव बेदाणा : एक्सेलच्या राउंडने ८४३ च दिले असते. आमचे सौद्यांचे हिशेब त्यावरच चालतात. एवढ्यासाठी प्रोग्रामिंग कशाला हवे?

पलूसचा दूधवाला : तुमच्या शीटमधले सूत्र मागच्या हंगामात कुणी पुसले, हे आधी शोधा, मग आम्हाला शिकवा.

तासगाव बेदाणा : वैयक्तिक होऊ नका. सूत्र पुतण्याने पुसले होते आणि ते शोधायला आठवडा गेला, एवढे मान्य करतो.

विश्रामबागकर : त्या आजी फी न घेता शिकवून गेल्या, हे मीही मान्य करतो. मात्र ज्यांचे पन्नास पैसे गेले आणि ज्या काहीच बोलल्या नाहीत, त्यांचे काय?

पलूसचा दूधवाला : मागची सगळी बिले पुन्हा काढून फरक दिला. तुमच्या क्लासात टेस्ट, म्हणजे प्रोग्रामचे उत्तर बरोबर आहे का हे तपासणारा कोड, लिहायला शिकवत असाल, तर उद्याच फी भरतो. त्रिकोण मात्र छापणार नाही.