साध्या एमआरआयवरून दुसऱ्या ऑपरेशनचा निर्णय नको

मणक्यातल्या चकतीच्या (डिस्कच्या) ऑपरेशननंतर एमआरआयच्या रिपोर्टमध्ये पुन्हा 'डिस्क बल्ज', म्हणजे चकती बाहेर फुगलेली, असं आलं की ऑपरेशन फसलं, असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. पाठ कधीच न दुखलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही बल्ज सर्रास दिसतो. शिवाय ऑपरेशनच्या जागी आतून व्रण (जखम भरल्याची खूण) धरतोच, आणि इंजेक्शन न देता केलेल्या साध्या एमआरआयमध्ये तो व्रण कोणता नि पुन्हा सरकलेली चकती कोणती हे ओळखणं फार कठीण जातं.

माझ्या आईची एल४-एल५ची (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) चकती काढल्यावर ८ महिन्यांनी डावा पाय परत ठणकायला लागला. पहिल्या रिपोर्टवरून थेट 'परत सर्जरी' ऐकवलं गेलं. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून, गॅडोलिनियम या एमआरआयमध्ये उजळणाऱ्या औषधाचं इंजेक्शन देऊन एमआरआय करायला लावला. व्रणात रक्तवाहिन्या असतात म्हणून तो उजळतो. चकतीच्या तुकड्याचा मधला भाग मात्र इंजेक्शननंतर लगेच काढलेल्या फिल्ममध्ये काळाच राहतो. आईचा तो सगळा भाग उजळला, म्हणजे व्रणच होता. गोळ्या आणि फिजिओथेरपीवर ती हळूहळू जिना चढायला लागली. तुम्ही डॉक्टरांकडे जाताना ऑपरेशनआधीच्या फिल्म नक्की न्या, तुलनेला फार लागतात. पण लघवी अडली किंवा जांघेत बधिरपणा आला, तर कुठल्याही रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.