मामांच्या ट्रंकेतला अमेरिकन नकाशा: जांभळी छपाई म्हणजे काय?

खाडीकाठ (गुहागर): मंडळी, मामा बोटीवर होते. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत अमेरिकन सरकारी नकाशा मिळाला. 'जॉर्डन, माँटाना', प्रमाण १:२,५०,०००. वरच्या बाजूला फोर्ट पेक जलाशय, काठाला नुसती बोटं फुटलेली. खाली तपकिरी रेषांचं जंजाळ, गावं शोधावी लागतात. मधेच जांभळ्या रंगात रस्ते छापलेत, ते का? नकाशा धरणाआधीचा की नंतरचा? घड्यांवर विरलाय, लॅमिनेट करून टाकू?

सड्यावरचा (राजापूर): जलाशय छापलाय म्हणजे धरणानंतरचाच. मिसुरी नदीवरचं हे मातीचं धरण १९३३ ला सुरू होऊन १९४० ला पुरं झालं. नेमकं साल खालच्या समासात बघा. जांभळं म्हणजे मागाहून विमानातल्या फोटोंवरून केलेली दुरुस्ती. जागेवर जाऊन ती तपासलेली नसते, तेव्हा त्या रस्त्यांवर फार भिस्त ठेवू नका.

आता बोटं. तिथली जमीन शेल (पापुद्र्यांचा मऊ खडक) नि भुसभुशीत चिकणमातीची. पाऊस थोडा, पण आला की धो धो, आणि धरून ठेवायला झाडोरा नाही. त्यामुळे घळीला घळ फुटत जाते. धरण भरलं तसं पाणी त्या घळींत घुसलं. तुमच्या तपकिरी रेषा म्हणजे समोच्च रेषा, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या. आपला कोकणातला सडा (सपाट माथा) बघा: वर जांभ्याचं टोपण, म्हणून सपाट नि नकाशावर जवळपास कोरा, आणि कड्याशी आल्यावर त्या रेषा एकमेकींना चिकटलेल्या.

हो, जलाशयाच्या दक्षिणेला हेल क्रीक नावाचा ओढा सापडतो का बघा. तिथल्या खडकाच्या थरांत १९०२ मध्ये बार्नम ब्राउन या जीवाश्म शोधणाऱ्याला टी-रेक्स डायनासोरचे अवशेष मिळाले. नकाशावर त्याचं काही नसणार म्हणा!

कसरवैरी (दापोली): काका, लॅमिनेशनचं राहिलंच की! अजिबात नको, एकदा चिकटलं की सुटत नाही. सेलोटेपही नको, पिवळे डाग पडतात. आम्लविरहित कागदात सपाट ठेवा, लोखंडी कपाटात, भिंतीपासून लांब. आषाढात आमच्याकडे भिंतीवरच्या फ्रेमच्या आतसुद्धा बुरशी धरते. कसर लागलीय का तेही बघा, कडा कुरतडलेल्या दिसतील.

खाडीकाठ: कडा शाबूत आहेत ताई. काका, जलाशयाची लांबी फूटपट्टीने मोजली तर चालेल?

सड्यावरचा: वाकडातिकडा आहे, दोरा लावा. आणि तो दोरा नकाशावरच छापलेल्या मोजपट्टीवर धरा. दमट हवेत कागद फुगतो, पण त्याच्याबरोबर ती पट्टीही फुगते.