मागे पडलेल्या अध्यक्षीय उमेदवाराने शेवटच्या पाच आठवड्यांत काय करावे?

अध्यापक सोलापूर

नमस्कार मंडळी. मी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला तौलनिक शासनव्यवस्था शिकवतो. गेल्या आठवड्यात अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक शिकवताना मी १९९६ सालचा दाखला दिला. रिपब्लिकन पक्षाचे बॉब डोल तेव्हा ७३ वर्षांचे होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर त्यांचा उजवा हात कायमचा निकामी झाला होता. कोणी हस्तांदोलनाला तो धरू नये म्हणून ते त्या मुठीत पेन धरून ठेवीत. बिल क्लिंटन यांच्यापेक्षा ते जवळजवळ वर्षभर मागेच राहिले आणि मागे पडलेल्या माणसाला सुचण्यासारखे बहुतेक सारे त्यांनी करून पाहिले. जूनमध्ये त्यांनी सिनेटमधील बहुमताचे नेतेपदच नव्हे तर सदस्यत्वही सोडले. आयुष्यभर तुटीच्या अर्थसंकल्पाविरुद्ध बोलल्यावर ऑगस्टमध्ये प्राप्तिकरात १५ टक्के कपातीचे वचन दिले. ज्यांच्याशी करांच्या प्रश्नावर वर्षानुवर्षे मतभेद होते त्या जॅक केम्प यांना उपाध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून जोडीला घेतले. ऑक्टोबरमध्ये तिसरे उमेदवार रॉस पेरो यांनी माघार घ्यावी म्हणून आपल्या प्रचारप्रमुखाला डॅलसला धाडले. ५४ निर्वाचक मतांच्या (अध्यक्ष ठरवणारी, राज्यांना वाटून दिलेली मते) कॅलिफोर्नियात वेळ व पैसा ओतला. आणि अखेरीस सलग ९६ तासांचा दौरा करून राज्यामागून राज्य पालथे घातले. निर्वाचक मतांचा निकाल क्लिंटन ३७९, डोल १५९ असा लागला.

वर्गातील एका मुलीने विचारले, "सर, हरणार हे दिसत असताना माणूस चार दिवस धड न झोपता कशासाठी फिरतो?" मी काहीतरी उत्तर दिले, पण माझे मलाच ते पटले नाही. म्हणून येथील जाणकारांना विचारतो. निवडणुकीला चारपाच आठवडे उरले आहेत आणि उमेदवार स्पष्टपणे मागे आहे, अशा वेळी त्याने नेमके काय करणे शहाणपणाचे ठरते? शक्यतो घडलेल्या निवडणुकांच्या आधारे लिहावे, ही विनंती.

जुने कात्रण

सर, १९९६ च्या आधी १९६८ पाहावे असे मी सुचवेन, कारण मागून येऊन जवळपास बरोबरी गाठल्याचे त्याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही. डेमोक्रॅटिक पक्षाचे ह्यूबर्ट हम्फ्री तेव्हा उपाध्यक्ष होते, त्यामुळे काटेकोर अर्थाने त्यांना आव्हानवीर म्हणता येणार नाही. परंतु सप्टेंबरअखेरच्या गॅलप जनमत चाचणीत रिपब्लिकन निक्सन ४३, हम्फ्री २८ आणि तिसरे उमेदवार जॉर्ज वॉलेस २१ टक्के अशी स्थिती होती, आणि पंधरा टक्क्यांनी मागे असलेल्या माणसाला पदाचा फायदा तो काय असणार? शिकागो येथील त्यांच्या पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी पोलिसांनी तरुण निदर्शकांना केलेली मारहाण सगळ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिली होती, प्रचाराची तिजोरी रिकामी होती, आणि हम्फ्री सभेत उभे राहिले की व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या घोषणांत त्यांचा आवाज बुडून जाई.

दुखणे कोठे आहे हे त्यांच्या भोवतीच्या सर्वांना ठाऊक होते. हम्फ्री यांना स्वतःलाच या युद्धाविषयी शंका होत्या. फेब्रुवारी १९६५ मध्ये त्यांनी अध्यक्ष जॉन्सन यांना त्या लेखी कळवल्याही होत्या, आणि त्यानंतर बराच काळ त्यांना महत्त्वाच्या बैठकांपासून दूर ठेवले गेले होते. तरीही अध्यक्षांवरील निष्ठेपोटी तीन वर्षे त्यांनी त्याच धोरणाची जाहीर पाठराखण केली. जे मतदार एरवी त्यांचेच होते, ते नेमके या एका गोष्टीवरून त्यांच्यावर रुसले होते.

३० सप्टेंबरला सॉल्ट लेक सिटी येथे, कसेबसे पैसे जमवून विकत घेतलेल्या अर्ध्या तासाच्या राष्ट्रीय प्रक्षेपणात, ते बोलले. एरवी त्यांच्यासमोर असणारे उपाध्यक्षपदाचे बोधचिन्ह त्या दिवशी लावलेले नव्हते. शांततेसाठी पत्करता येण्याजोगा धोका म्हणून आपण उत्तर व्हिएतनामवरील बॉम्बफेक थांबवू, असे त्यांनी सांगितले. ते भाषण आज वाचले तर त्यात अटी पुष्कळ दिसतात आणि जॉन्सन यांच्या भूमिकेपासूनचे अंतर वीतभरच भरते. पण ती वीत ऐकणाऱ्यांना पुरली. सभांमधील हुर्यो ओसरू लागली, छोट्या देणग्या टपालाने येऊ लागल्या, आणि घरी बसलेले कार्यकर्ते बाहेर पडले.

सर्वच श्रेय त्या भाषणाला देणे मात्र बरोबर होणार नाही. कामगार संघटनांनी वॉलेस यांच्याकडे झुकलेल्या आपल्या सभासदांपर्यंत पत्रकांमागून पत्रके पोचवली. वॉलेस यांचे जोडीदार जनरल कर्टिस लमे यांनी पहिल्याच पत्रकार परिषदेत अण्वस्त्रांविषयी असे काही उद्गार काढले की पुष्कळांना धडकी भरली. आणि ३१ ऑक्टोबरला जॉन्सन यांनी स्वतःच बॉम्बफेक थांबवल्याचे जाहीर केले. अखेर निक्सन ४३.४ टक्के, हम्फ्री ४२.७ टक्के. सुमारे ७ कोटी ३० लाख मतांत फरक पाच लाखांच्या आसपास होता.

माझे मत असे की, मागे पडलेल्या उमेदवाराने पहिल्यांदा आपलीच माणसे आपल्यापासून कोणत्या गोष्टीमुळे दुरावली आहेत ते शोधावे, आणि त्या गोष्टीवर स्वतः, स्पष्ट शब्दांत, शक्य तितक्या लवकर बोलावे. हम्फ्री पाच आठवडे आधी बोलले आणि थोडक्यात हुकले. ते भाषण सप्टेंबरच्या आरंभी झाले असते तर काय झाले असते, या विचाराने मला आजही हळहळ वाटते. डोल यांच्या करकपातीत मला नेमकी हीच उणीव दिसते. ती मनातली गोष्ट वाटली नाही, उलट ज्या हिशेबीपणासाठी लोक त्यांना मानत होते त्यालाच तिने बाध आणला.

काठावरची राज्ये

वरील विवेचन पटते. त्याला गणिताची जोड देतो. अमेरिकेत उमेदवार देशात मागे असतो हे म्हणणे अपुरे आहे, कारण त्याला ५३८ पैकी २७० निर्वाचक मते जुळवायची असतात आणि ती राज्यागणिक मिळतात; बहुतेक राज्यांत जो पुढे राहील त्याला त्या राज्याची सगळी. त्यामुळे ऑक्टोबरच्या आरंभी त्याने कागद घेऊन बसावे, २७० पर्यंत पोचणारी एकच वाट निवडावी आणि बाकीची राज्ये कठोरपणे सोडून द्यावीत.

२००८ मध्ये ओबामा यांच्याविरुद्ध लढणारे रिपब्लिकन जॉन मॅकेन यांच्यापुढे हाच पेच होता. त्यांच्याच पक्षाचे बुश यांना २००४ मध्ये २८६ मते मिळाली होती. त्यातून आयोवाची ७, न्यू मेक्सिकोची ५ आणि कोलोरॅडोची ९ हातची जाताना दिसू लागली, म्हणजे उरली २६५. ही तूट एका फटक्यात भरून काढणारे मोठे राज्य म्हणजे २१ मतांचे पेनसिल्व्हेनिया. म्हणून २ ऑक्टोबरला मॅकेन यांनी मिशिगनमधून पाय काढला आणि नंतर पेनसिल्व्हेनियात जोर लावला. पुष्कळांनी त्यांना वेड्यात काढले, पण आकडे मांडून पाहिले की त्यांच्यापुढे दुसरा मार्ग फारसा नव्हता हे लक्षात येते. अडचण अशी झाली की, पेनसिल्व्हेनिया सुमारे दहा टक्क्यांनी गेले आणि राखायची म्हणून गृहीत धरलेली राज्येही निसटली. नॉर्थ कॅरोलायना अवघ्या १४ हजार मतांनी गेले.

पैसा हे त्यामागचे मोठे कारण. मॅकेन यांनी प्रचारासाठीचा सार्वजनिक (सरकारी) निधी स्वीकारला होता, त्यामुळे अधिवेशनानंतरचा त्यांचा खर्च ८ कोटी ४१ लाख डॉलरवर बांधलेला होता. ओबामा यांनी तो निधी नाकारला आणि एकट्या सप्टेंबरात १५ कोटी डॉलर जमवले. समोरचा उमेदवार सर्व आघाड्यांवर एकाच वेळी लढू शकत असताना आपण एका राज्यात शक्ती एकवटली की दुसऱ्या राज्याचे दार उघडे राहते.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. मतदानाचा दिवस हा आता एकच दिवस राहिलेला नाही. टपालाने किंवा आगाऊ केंद्रांवर अनेक राज्यांत कित्येक आठवडे मतदान चालते. शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवलेला मुद्दा ज्यांनी आधीच मत दिले त्यांच्यासाठी वाया जातो. अध्यक्ष कार्टर यांचे आव्हानवीर रेगन यांनी १९८० मध्ये २८ ऑक्टोबरच्या क्लीव्हलंडच्या वादचर्चेत, मतदानाला सातच दिवस उरलेले असताना, "चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमची स्थिती बरी आहे काय?" हा प्रश्न लोकांपुढे ठेवला आणि तो अचूक लागू पडला. आज तेवढे थांबण्याची चैन मागे पडलेल्या उमेदवाराला परवडणार नाही.

न्यू जर्सीची वाट

मी अभ्यासक नाही. जे पाहिले तेवढेच लिहिते. आम्ही न्यू जर्सीत राहतो. एका निवडणुकीच्या ऑक्टोबरात मी सलग चार शनिवार नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियातील बक्स काउंटीत घरोघर फिरले. मला तेव्हा मताधिकार नव्हता, ग्रीन कार्ड होते, परंतु विनावेतन काम करण्यास आडकाठी नव्हती. मी ज्यांच्यासाठी फिरत होते ते उमेदवार मागे होते; त्यांचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही.

सकाळी कार्यालयात क्लिपबोर्डला लावलेली यादी मिळे. त्यात रस्ता, घर क्रमांक, मतदाराचे नाव, वय, पक्षनोंदणी आणि पुढे एक ते पाच आकड्यांचे रकाने. एक म्हणजे नक्की आपला, पाच म्हणजे नक्की त्यांचा. सोबत दाराच्या मुठीला अडकवायची छापील पत्रके. त्या पत्रकांवर दोन्ही बाजूंना प्रतिस्पर्धी किती वाईट आहे एवढेच छापलेले होते.

तिसऱ्या शनिवारी एका वृद्ध बाईंनी दार उघडले. बाहेर पानगळीचा खच, त्यांच्या हातात फडा. त्यांनी पत्रक शेवटपर्यंत वाचले, उलटून पाहिले आणि शांतपणे विचारले, "हे सारे मला टीव्हीवर रोज कळते. तुमचा माणूस माझ्या औषधांच्या बिलाचे काय करणार, ते यात कोठे आहे?" मला उत्तर देता आले नाही, कारण आम्हाला ते कोणी सांगितलेच नव्हते. मी रकान्यात तीनवर खूण केली आणि पुढच्या दाराशी गेले. त्या दिवशी आणखी चार दारांत हाच प्रश्न निराळ्या शब्दांत ऐकला.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. उमेदवार वरती काय बोलतो ते एका वाक्यात दारापर्यंत पोचले पाहिजे. आणि शेवटच्या दोन शनिवारी कुंपणावरच्यांची मनधरणी थांबवून, जे आपलेच आहेत पण मतदानाला जाण्याचा कंटाळा करतात, त्यांच्याच दारी जावे. आम्ही अखेरपर्यंत तीन क्रमांकवाल्यांच्या मागे लागलो होतो.

जुने कात्रण

सर, तुमच्या विद्यार्थिनीच्या मूळ प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही. डोल चार दिवस का फिरले? मतपत्रिकेवर ते एकटे नव्हते. त्याच दिवशी संपूर्ण प्रतिनिधिगृह आणि एक तृतीयांश सिनेट निवडले जाणार होते, आणि अध्यक्षपदाचा उमेदवार गारठला की त्याच्या पक्षाचा मतदार घरी बसतो व खालचे उमेदवारही पडतात. ऑक्टोबरअखेरीस रिपब्लिकन जाहिराती उघडपणे सांगू लागल्या होत्या की, क्लिंटन यांच्या हाती कोरा धनादेश देऊ नका. हे स्वतःच्या उमेदवाराचा पराभव गृहीत धरण्यासारखे होते, आणि डोल यांना ते किती लागले असेल याची कल्पना करता येते. तरीही ते फिरत राहिले. पक्षाने दोन्ही सभागृहे राखली. सिनेटमधील संख्या तर ५३ वरून ५५ झाली.

याच्या उलट चित्र १९८० चे. जिमी कार्टर यांनी पश्चिम किनाऱ्यावर मतदान चालू असतानाच पराभव मान्य केला. रांगेतील लोक परत फिरल्याने आपल्या जागा गेल्या, अशी तक्रार तेथील डेमोक्रॅटिक नेते पुढे कित्येक वर्षे करीत होते.

अध्यापक सोलापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हे उत्तर मी उद्याच वर्गात सांगेन. एक उपप्रश्न राहतो. हातात प्रतिस्पर्ध्याला बुडवील असे काही आले, किंवा आपल्याच सभेत लोक त्याच्याविषयी वाटेल ते बोलू लागले, तर मागे असलेल्याने ते वापरू नये काय? त्याला तर गमावण्यासारखे काहीच उरलेले नसते.

जुने कात्रण

गमावण्यासारखे असते, सर. १० ऑक्टोबर २००८ रोजी मिनेसोटातील लेकव्हिल येथे एका बाईने ध्वनिवर्धकावर सांगितले की ओबामांवर तिचा विश्वास नाही, ते अरब आहेत. मॅकेन यांनी मान हलवत ध्वनिवर्धक तिच्या हातून घेतला आणि म्हणाले की तसे नाही, ते सभ्य, कुटुंबवत्सल नागरिक आहेत आणि माझे त्यांच्याशी मूलभूत प्रश्नांवर मतभेद आहेत. त्याच सभेत त्यांच्याच समर्थकांनी त्यांची हुर्यो उडवली होती. एका अरब माणसालाही सभ्य व कुटुंबवत्सल असता येते हे वाक्य त्यांनी जोडायला हवे होते, असे मला वाटते; पण पिछाडीवर असताना त्यांनी तो ध्वनिवर्धक काढून घेतला, याचे मोल मी कमी मानत नाही.

हम्फ्री यांची कसोटी याहून अवघड होती. बॉम्बफेक थांबल्यावर दोनच दिवसांत दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष थिउ यांनी युद्ध थांबवण्यासाठीच्या पॅरिसच्या वाटाघाटींना येण्यास नकार दिला. निक्सन यांच्या प्रचाराशी जवळचा संबंध असलेल्या अ‍ॅना शेनॉल्ट दक्षिण व्हिएतनामच्या राजदूताला थांबून राहण्यास सांगत आहेत, अशी माहिती गुप्त टेहळणीतून जॉन्सन यांच्याकडे आली होती आणि ती हम्फ्री यांच्यापर्यंत पोचली. मतदानाला तीनचार दिवस उरले होते आणि चाचण्यांतील अंतर दोन टक्क्यांवर आले होते. परंतु निक्सन यांचा स्वतःचा हात असल्याचा पुरावा समोर नव्हता, आणि माहिती कशी मिळाली ते उघड करणे देशाच्या दृष्टीने धोक्याचे होते. हम्फ्री गप्प राहिले. हाती असलेल्या पुराव्यावर त्यांनी तेच करायला हवे होते असे मी मानतो, आणि हे लिहिताना मला सोपे जात नाही.

निक्सन यांचे सहकारी हॉल्डमन यांच्या टिपणांत निक्सन यांनी स्वतः त्या वाटाघाटींत अडथळा आणण्याचे सुचवल्याची नोंद आहे. ती २०१७ च्या सुमारास लोकांसमोर आली. हम्फ्री जानेवारी १९७८ मध्येच वारले होते.