विझर्ड्री परत खेळतोय, ऑटोमॅप चालू ठेवू की बंद?

घोडबंदर_रात्रपाळी:
मंडळी, १९८१ ची पहिली विझर्ड्री, भुयारात उतरून राक्षस मारायचा गेम, ॲपल टू कॉम्प्युटरवाली, तिचा डिजिटल इक्लिप्सने केलेला रीमेक घेतलाय. आत जुनाच कोड पळतो आणि मूळ स्क्रीन बाजूला दिसत राहतो, ते भारीये. पण घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून डोकं उठवून घरी यायचं आणि इथे पहिल्याच मजल्यावर बुशव्हॅकर लुटारूंची टोळी आपली अख्खी पार्टी (खेळाडूंचा गट) आडवी करते, जादूगाराकडे मंत्र दोन, ते संपले की तो नुसता शोभेला. वर मेलेले तिथेच पडून राहतात, दुसरी पार्टी पाठवून उचलून आणा!! ऑटोमॅप, म्हणजे गेमच आपोआप नकाशा काढतो ते, ठेवला तर मजा जाते का? हाताने नकाशा काढत बसायचं जिवावर येतंय.

नेरूळचा_चेटक्या:
बंद कर रे. मजला २० बाय २० चा, ग्राफ पेपरच्या एका पानात बसतो. खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू कर, गडबडलास की डुमापिक मंत्र टाक, जिन्यापासून किती पूर्वेला किती उत्तरेला आलास ते कळतं. खाली काही चौकोन असे आहेत की पाय ठेवला की गपचूप तुझं तोंड भलतीकडे फिरवतात, बोळ सगळे सारखेच दिसतात त्यामुळे तू बिनधास्त चुकीचा नकाशा काढत जातोस. ऑटोमॅप लावलास तर तो डाव लगेच उघडा पडतो, मग उरलं काय.

ऐरोली_लोकल:
कशाचं काय, नुसता फासा आहे. मेलेल्याला देवळात न्या, पैसे मोजा, उठला तर उठला नाहीतर राख, राखेसाठी परत पैसे मोजा, तेही फसलं की कॅरेक्टर कायमचं गेलं. आणि लेव्हल वाढली म्हणून खूश व्हावं तर ताकद कमी झालेली असते. याला अवघड नाही म्हणत, याला छळ म्हणतात.

कळवा_काका:
फासा आहे म्हणूनच पळायचं कधी ते कळतं. तेव्हा तर मेलं की लगेच डिस्कवर नोंद व्हायची, लोक ती व्हायच्या आत ड्राइव्हचं दार उघडायचे. मंत्राचं नाव टाइप करायचं, पेटीतल्या सापळ्याचंही, बिनचूक. एक सांगतो, मुक्कामाला सराईमध्ये खोली घेऊ नका, पैसे जातात आणि आठवड्यागणिक वय वाढतं. तबेल्यात फुकट झोपा, जखमा भरत नाहीत पण मंत्र परत येतात, मग भुयारात उतरून पहिल्या पायरीशीच कॅम्प लावा आणि पुजाऱ्याकडून डिओस, म्हणजे जखमा भरायचा मंत्र, मारून घ्या, परत वर, परत तबेला. कंटाळवाणं आहे पण पहिल्या लेव्हलला तोच धंदा. थोडे दणकट झालात की पहिल्याच मजल्यावर मर्फीची भुतं आहेत, लागता लागत नाहीत पण मारतातही हलकं आणि अनुभव भरपूर देतात.

ऐरोली_लोकल:
काका, म्हणजे नोकरीच झाली की ही 😄

नेरूळचा_चेटक्या:
गेममधला व्हिलन वेर्डना, इंग्रजीत Werdna, उलटा वाच, अँड्र्यू होतं. राजा ट्रेबोर, Trebor, म्हणजे रॉबर्ट. गेम बनवणाऱ्या अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेडने स्वतःलाच आत घातलंय, एकाने राजा व्हायचं एकाने व्हिलन.

घोडबंदर_रात्रपाळी:
तबेल्याचं माहीतच नव्हतं, रोज खोलीचं भाडं भरत होतो. ठरलं, पहिले चार मजले हाताने, पुढचं पुढे बघू. राम मारुती रोडला जाऊन ग्राफ पेपर आणतो. भुतांची खोली कुठेय ते कोणी सांगू नका, रविवारी मेगाब्लॉक आहे तेव्हा बसून शोधतो.