बर्लिन : अभ्यास, नोकरी आणि शहर पाहणे यांचा मेळ कसा घालावा? (मदत हवी आहे)

नमस्कार.

मी मूळची साताऱ्याची असून गेल्या ऑक्टोबरपासून बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीमध्ये समाजशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे. एप्रिलच्या मध्यावर उन्हाळी सत्राची व्याख्याने सुरू होतील आणि त्याआधी विषय निवडून नोंदवावे लागतील. जर्मनीत शिकलेल्या किंवा सध्या शिकत असलेल्या मंडळींचा सल्ला मला त्यासाठीच हवा आहे.

अडचण आकड्यांत मांडते. एका सत्रात ३० क्रेडिट अपेक्षित असतात आणि एका क्रेडिटमागे साधारण ३० तासांचे काम धरले जाते, म्हणजे सहा महिन्यांत ९०० तास, आठवड्याला सरासरी पस्तीस. शिकता शिकता कंपनीत काम करणाऱ्यांना, म्हणजे इथल्या भाषेत 'वेर्कश्टुडेंट' मंडळींना, व्याख्यानांच्या काळात आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येते, आणि मला तशी नोकरी मिळण्याची शक्यता आहे. त्यात जर्मनचा संध्याकाळचा वर्ग, स्वयंपाक आणि कपडे धुणे मिळवले की आठवडा संपतो. वर ही सरासरी फसवी आहे, कारण हिवाळी सत्राची व्याख्याने फेब्रुवारीच्या मध्याला संपली तरी प्रत्येक विषयाचा पंधरा-वीस पानांचा निबंध, म्हणजे 'हाउसआर्बाइट', त्यानंतरच्या तथाकथित सुट्टीत लिहायचा असतो. घरच्यांना अजूनही वाटते की मी सध्या सुट्टीवर आहे.

शहर पाहण्यासाठी उरतो तो मुख्यतः रविवार. रविवारी दुकाने बंद असल्यामुळे शनिवार किराण्यात जातो, सोमवारी बरीच संग्रहालये बंद असतात, आणि डिसेंबरमध्ये तर दुपारी चारच्या आतच सूर्य मावळत असल्याने व्याख्यान संपवून बाहेर पडले की रात्रच भेटते. तिकिटाचा प्रश्न मात्र नाही. सत्राच्या शुल्कातच प्रवासाचा पास येतो आणि तो देशभरच्या प्रादेशिक गाड्यांत चालतो. मी श्लाख्टनझे भागात राहते, त्यामुळे एस-१ ही गाडी माझ्यासाठी सोन्यासारखी आहे. ती थेट पोट्सडामर प्लाट्स, ब्रांडेनबुर्ग दरवाजा आणि पुढे नॉर्डबानहोफला नेते. शहराची फाळणी झालेली असताना पश्चिम बर्लिनच्या गाड्या पूर्वेकडच्या या स्थानकातून न थांबता जात असत. तिथल्या 'भुताटकीच्या स्थानकां'चे प्रदर्शन पाहून वर आले की बेर्नाउअर श्ट्रासेवर भिंतीचे स्मारक सुरू होते. सुमारे १.४ किलोमीटर लांबीचा तो पट्टा उघड्यावर असून विनामूल्य आहे, त्यामुळे कामावरून परततानाही थोडा थोडा पाहता येतो. मला असेच फिरायला आवडते. एका दिवसात दहा स्थळे उरकण्याचा उत्साह माझ्यात नाही. पेर्गामोन संग्रहालय नूतनीकरणासाठी २०२३ पासून बंद असल्याने त्याचा मोह आपोआपच टळला आहे.

एका जागेसाठी मात्र मला निवांत वेळ हवा आहे. इरावती कर्वे यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस आमचे विद्यापीठ आहे त्याच डालेम भागातल्या कैझर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या असमानतेचा वंशाशी संबंध असल्याची फिशर यांची धारणा होती, आणि मोजमापांतून तसे काही दिसत नाही असा निष्कर्ष इरावतीबाईंनी काढला. पुढे ही संस्था नाझी वंशविज्ञानाच्या केंद्रांपैकी एक ठरली. इनेश्ट्रासे २२ येथील ती इमारत आता आमच्याच विद्यापीठाकडे असून तिथे राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. त्या काळात मराठी घरातली एक तरुणी तिथे बसून मार्गदर्शकाच्या मताविरुद्धचा निष्कर्ष लिहीत होती, हे ठाऊक असताना त्या वास्तूवरून नुसते घाईने पुढे जाणे मला बरे वाटत नाही. त्या संस्थेच्या इतिहासावरच एखादा निबंध लिहिण्याचा माझा विचार आहे, म्हणजे हिंडणे आणि अभ्यास काही अंशी एकाच खात्यात पडतील.

आता नेमके विचारते. उन्हाळी सत्रात ३० ऐवजी २० क्रेडिट घेतले, तर जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत टिकणारा उजेड हाताशी राहील. पण अभ्यासक्रम एका सत्राने लांबला, तर निवासपरवाना वाढवताना दरमहा ९९२ युरोंच्या हिशेबाने खर्चाची तरतूद पुन्हा दाखवावी लागेल. नोकरीच्या पगारातून ही तरतूद दाखवणे आपल्यापैकी कोणाला प्रत्यक्षात जमले आहे का, आणि कागदपत्रे कोणती जोडली? की क्रेडिट पूर्ण घेऊन नोकरीच दहा-बारा तासांवर ठेवावी, हे अधिक शहाणपणाचे? व्याख्याने चालू असतानाच निबंधाचा विषय प्राध्यापकांशी ठरवून अर्धे लेखन उरकण्याची पद्धत मी ऐकली आहे. ती खरोखर जमते का, की जुलै येईपर्यंत सगळेच ढकलले जाते?

ग्रंथालयाबद्दलही सांगावे. आमच्या विद्यापीठातले नॉर्मन फॉस्टर यांनी रचलेले भाषाशास्त्र ग्रंथालय देखणे आहे, पण नोकरी शहराच्या मध्यभागी लागली, तर कामानंतर डालेमला परतण्यापेक्षा पोट्सडामर श्ट्रासेवरच्या राज्य ग्रंथालयात बसणे सोयीचे होईल असे वाटते. तिथे संध्याकाळी जागा मिळते का?

'आधी पदवी, मग फिरणे' हा सल्ला मला घरून नियमित मिळत असतो, तेव्हा कृपया तो वगळून आपापल्या आठवड्याची प्रत्यक्ष आखणी कशी होती ते लिहावे. म्युनिक किंवा आखेनसारख्या ठिकाणी शिकलेल्यांचे अनुभवही चालतील, फक्त तिथली भाडी आणि अंतरे वेगळी असतील ते नमूद करावे. विषयनोंदणी एप्रिलच्या सुरुवातीला आहे, त्यामुळे मार्चअखेरपर्यंत उत्तरे आली तर सर्वाधिक उपयोग होईल.