परातीतल्या पाण्याने तंबू ओला होत नाही (अनगोळच्या साहेबांना उत्तर)

कोरडा_तंबू, टिळकवाडी, बेळगाव

काल अनगोळच्या साहेबांनी ग्रो टेंटबद्दल, म्हणजे घरात दिव्याखाली रोपं वाढवायच्या तंबूबद्दल, इथं लिहिलं: "ग्रो टेंटमध्ये ह्युमिडिटी (हवेतली ओल) कमी असेल तर वाफेची मशिनं घेऊन पैसे घालवू नका. खाली परातीत पाणी, वर दोरीवर ओला पंचा. माझ्याकडे ४१ वरून ५८ झालं. एवढंही जमत नसेल त्यांनी रोपं सोडून किराणा दुकान टाकावं."

साहेब, माझ्या वडिलांचं शहापुरात किराणा दुकानच आहे. ते चालवायला तुमच्या परातीपेक्षा जास्त हिशेब लागतो. तोच मांडतो.

तंबू ४ बाय ४, उंची साडेसहा फूट. आत हवा झाली २.९ घनमीटर. २५ अंशाला ही हवा ४० टक्क्यांवरून ६५ वर न्यायला पाणी लागतं फक्त १७ ग्रॅम. एक मोठा चमचा. खूश झालात? थांबा. वरचा एक्झॉस्ट पंखा तासाला २०० घनमीटर हवा बाहेर फेकतो. म्हणजे आतली हवा तासाभरात सत्तर वेळा बदलते. एक चमचा नाही, सत्तर चमचे. तासाला एक लिटरच्या वर पाणी, आणि तरी खालच्या जाळीतून मार्चातली कोरडी हवा आत येतच राहणार.

दुकानातल्या वजनकाट्यावर परात ठेवून बघितली. १२ तासांत २०० ग्रॅम पाणी उडालं, तासाला सतरा ग्रॅम. तुमची परात तासातून एकदा तंबू ओला करते आणि पंखा त्याच तासात तो सत्तर वेळा वाळवतो. पंचा परातीपेक्षा बरा, कारण त्याचा पसारा मोठा. एवढं मान्य करतो.

आणि मशीन घेणाऱ्यांना हसू नका, मी घेतलं होतं. तासाला ३०० मिली. महिनाभर टाक्या भरल्या, ढोबळी मिरचीची पानं वाटीसारखी वर वळलेलीच, कडा करपलेल्या, पानांखाली लाल कोळी, ती रस शोषणारी कीड. गरम कोरडी हवा म्हणजे कोळ्याला सासुरवाडी. चूक मशीनची नव्हती. मी खालून पाणी देत होतो आणि वरून पंखा पूर्ण जोरात सोडला होता. आधी पंखा कमी करा, मग परात घ्या, मशीन घ्या, नाहीतर नवस बोला.

अनगोळचा_बागवान

एवढा निबंध! मी माझा अनुभव लिहिला. माझ्या मीटरवर ५८ दिसले, मी ते लिहिले. तुझ्या चमच्यांनी माझ्या मीटरवरचा आकडा बदलत नाही. आणि मार्चात बेळगावात २५ अंश तुझ्या घरी असतील, ए.सी. वाल्या. आमच्या पत्र्याखाली ३२ असतात.

कोरडा_तंबू

ए.सी. नाही. आणि ३२ धरा की, हिशेब तुमच्यासाठी आणखी वाईट होतो. गरम हवेला तेवढेच टक्के चढायला जास्त पाणी लागतं. १७ च्या जागी २४-२५ ग्रॅम, एका वेळचे.

एक विचारू? ४१ कधी बघितलेत आणि ५८ कधी?

खानापूरचा_पावसाळी

तुम्ही दोघं ह्युमिडिटी कमी म्हणून रडालाय. इकडं कणकुंबीच्या बाजूला या की जुलैत. चपलेवर बुरशी, कपाटातल्या शर्टावर बुरशी, तिखटाच्या डब्यात गोळे. आम्हाला कोरडी हवा विकत द्या.

बाकी ढोबळी मिरचीसाठी तंबू आणि दिवे? खरं सांग, आत काय लावलंयस 😄

कोरडा_तंबू

आई रोज तंबूची चेन उघडून बघते. तिलाही हाच संशय होता. ढोबळीची रोपं आणि स्ट्रॉबेरीचे बारा ट्रे.

वडगावचा_मागवाला

कोरडा_तंबू बरोबर बोलतोय. हे आमच्या घरात तीन पिढ्या माहीत आहे. आज्याचा हातमाग खड्ड्यात होता. पाय खड्ड्यात, ताणा (उभे धागे) जमिनीलगत, खालून मातीची ओल. फेब्रुवारी-मार्चात आजी जमिनीवर पाणी शिंपडायची आणि पश्चिमेची खिडकी गोणपाट लावून बंद. दुपारी कुणी दार उघडं टाकलं की आज्या आतूनच ओरडायचा. वारा आला की धाग्याची खळ कडक आणि ताणा तटातट तुटणार. मशीन नव्हतं, मीटर नव्हता. वारा अडवायचा, एवढंच.

खासबागवाला

गोष्ट छान आहे, पण अर्धी. ओल सुताला चांगली, ओलं झालं की सूत बळकट होतं. कृत्रिम रेशीम उलटं आहे, ओलं झालं की कमजोर. आमच्यात पॉवरलूमवर तेच चालायचं. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की वडिलांच्या कपाळाला आठ्या. त्यामुळे 'ओल म्हणजे चांगली' असं सरसकट सांगू नका.

वडगावचा_मागवाला

सरसकट कोण बोललं? मी हातमागाचं बोललो. तुमच्या पॉवरलूमनीच तर आमचे खड्डे बुजवले. त्या खड्ड्यात आता माझ्या भावाची मोटरसायकल उभी असते.

खासबागवाला

खड्डे आम्ही बुजवले? तुमच्या आज्यानं स्वतः चार लूम बसवले म्हणून गल्लीत सगळे सांगतात. आणि पॉवरलूमवाल्यांचं काय सोनं झालं? दिवसभर लाइट नाही, रात्री धोट्याचा खडखडाट, शेजारी भांडायला दारात. दोन वर्षं माझे वडील रात्री जागून विणत होते, दुपारी जेवताना ताटावर डुलक्या खायचे. हातमागाच्या आठवणी काढून रडणं सोपं आहे मर्दा.

वडगावचा_मागवाला

चार नव्हे, दोन. आणि ते आज्यानं नव्हे, काकानं. गल्लीत काय सांगतात ते मला सांगू नकोस, मी त्याच गल्लीत राहतो.

निपाणीची_वखार

विणकरांनो, जरा आमचंही ऐका. तंबाखूचा वाळलेला पाला दुपारी हातात घेतला तर चुरा होतो. म्हणून गठ्ठे बांधायचे ते पहाटे, दवानं पाला मऊ झालेला असताना. ऊन वर आलं की हात लावायचा नाही. माझी आई वखारीत होती, पहाटे चारला उठून जायची. तंबाखूची धूळ नाकात, दिवसभर शिंका. आर्द्रता म्हटलं की मला तीच पहाट आठवते.

खासबागवाला

आता तुम्ही तंबाखू शेतकऱ्यांचं १९८१ चं आंदोलन काढणार.

निपाणीची_वखार

काढणारच होतो. पण तुझ्या तोंडून आलं म्हणून नाही काढत.

कोरडा_तंबू

अहो, हा धागा मिरचीच्या रोपांचा आहे. अनगोळकर, ४१ कधी आणि ५८ कधी? उत्तर टाळू नका.

अनगोळचा_बागवान

टाळत नाही, कामाला होतो. ४१ दुपारी तीनला. परात-पंचा ठेवला संध्याकाळी. ५८ रात्री अकराला बघितलं.

कोरडा_तंबू

बघा! दुपारी ३२ अंश होते, तुम्हीच म्हणालात. रात्री दिवे बंद, तंबू २५ वर आला असणार. ३२ अंशाला ४० टक्के असलेली तीच हवा, एक थेंब न घालता, नुसती २५ अंशाला आणली की ६० टक्के दाखवते. तुमची परात नसती तरी ५८ दिसलेच असते. परातीनं काही केलं नाही साहेब, रात्र झाली.

खानापूरचा_पावसाळी

"रात्र झाली" 😂 वहीत लिहून ठेवतो.

अनगोळचा_बागवान

हसा. पण मग तूच सांग, तुझा पंखा कमी केलास तर दिव्याची उष्णता कुठं जाते? रोपं ओली पण शिजलेली, असं? आणि तुझ्या मीटरचा काय भरवसा?

कोरडा_तंबू

प्रश्न बरोबर आहे. (लिहिताना दात दुखले.) पंखा तिसऱ्या हिश्श्यावर आणला तेव्हा तंबू दोन-तीन अंशांनी तापला. मग दिवे ६० टक्क्यांवर आणले आणि वेळ उलटी केली. आता दिवे संध्याकाळी सातला लागतात, सकाळी अकराला बंद. दुपारच्या उन्हात दिव्याची भर नको. शिवाय रात्री लाइट कमी जाते. आणि मशीन तंबूच्या आत नाही, खोलीत. खोलीची खिडकी बंद, तंबू तीच ओली हवा ओढतो. आता मशीनची टाकी दीड दिवस पुरते. मीटर ५६ दाखवतो.

मशीनवाल्यांसाठी एक: बोअरचं पाणी घालू नका. पहिल्या आठवड्यात मिरचीवर पांढरी पावडर बसली, मला भुरी (बुरशीचा रोग) वाटली, मी गंधकाची फवारणी काढली. नंतर कळलं, ती पाण्यातल्या चुन्याची राख. आता राकसकोपचं नळाचं पाणी वापरतो, फिल्टर करून.

टिळकवाडीतल्या_काकू

मी सगळं वाचलं. माग वाचले, तंबाखू वाचली. एक कळलं नाही. तुम्हाला तंबू ओला करायचाय की रोपं जगवायचीत?

पाच लिटरच्या पाण्याच्या बाटलीचा तळ कापा, रोपावर पालथी घाला. आत पानांचीच वाफ राहते, पंखा काय करणार तिला? दिवसातून दोनदा झाकण उघडा, नाहीतर बुरशी. चार-पाच पानं झाली की झाकण कायमचं काढा आणि आठवड्यानं बाटली उचला. मोठी झाडं स्वतःच एवढं पाणी हवेत सोडतात की मग तुम्ही इथं येऊन 'ह्युमिडिटी जास्त झाली' म्हणून रडणार. अंगणात वांग्याची रोपं मी अशीच करते, दरवर्षी. तंबू नाही, दिवा नाही.

कोरडा_तंबू

काकू, मी पंधरा हजार घालवले आणि तुम्ही बाटली कापली. आता काय बोलू?

टिळकवाडीतल्या_काकू

काही बोलू नकोस. बाटली काप.

अथणीचा_उसवाला

काकूंशी सहमत, पण वारा अडवण्याचं मागवाल्याचंही खरं. माझं आजोळ आरग, मामांचा विड्याच्या पानांचा मळा. शेवरीची झाडं दाट लावायची, पश्चिमेकडून वारा यायला फट नाही, पाटाचं पाणी वारंवार. बाहेर आमच्या अथणीत ओठ फुटायचे आणि मळ्यात शिरलं की अंग ओलसर. आता मामाही ऊस लावतात. पानाला मजूर मिळत नाही, उसाला बिलच मिळत नाही. असो, तो वेगळा धागा होईल.

खानापूरचा_पावसाळी

एक सांगून ठेवतो. जूनमध्ये हाच हिशेब उलटा होणार. खिडक्या बंद, पंखा मंद, रात्री दिवे, हे सगळं तसंच ठेवलंत तर एका आठवड्यात भुरी आणि करडी बुरशी. पाऊस आला की पंखा वाढव आणि काकूंच्या बाटल्या माळ्यावर टाक. मी माझे दोन ट्रे असेच घालवलेत.

वडगावचा_मागवाला

खासबागवाल्या, तुझे वडील कुठल्या लूमवर होते? पत्र्याचं मोठं छप्पर होतं, पिंपळाजवळ?

खासबागवाला

हो. का?

वडगावचा_मागवाला

माझा काका तिथंच जॉबर होता, लूम दुरुस्त करायचा. मग तो दोन लूमचा हिशेब तुझ्या वडिलांना माहीत असेल. विचार त्यांना.

खासबागवाला

विचारलं. ते म्हणतात तीन.

अनगोळचा_बागवान

मीटरचा भरवसा काय, याचं उत्तर अजून नाही आलं. हिशेबवाल्यानंच मीटर तपासला नसेल.

कोरडा_तंबू

सोपं आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, मीठ विरघळू देऊ नका. झाकण आणि मीटर एकत्र बंद प्लास्टिक पिशवीत, सहा-सात तास. मीटरनं ७५ दाखवायला हवं. तुम्ही करा, मीही करतो. उद्या बोलू.

अनगोळचा_बागवान

केलं. रात्रभर ठेवलं. ७४. माझा मीटर चोख आहे. परात तुझी चेष्टा, मीटर माझा खरा. तुझा किती?

कोरडा_तंबू

८१.

अनगोळचा_बागवान

म्हणजे तुझा मीटर सहा जास्त दाखवतो. तुझे ५६ हे खरे ५०. महिनाभर आम्हाला चमचे मोजायला लावलेस आणि स्वतःचा काटाच खोटा. किराणा दुकानदाराचा मुलगा!

कोरडा_तंबू

काटा खोटा निघाला, मान्य. हिशेब खोटा नाही. पंखा आणखी थोडा कमी करतो.

अनगोळचा_बागवान

कर. आणि एक परात पाठवू का? जुनी आहे, गळत नाही.