व्हायकिंग मिनिएचर (२८ मिमी): कुऱ्हाडीचं पातं अर्धवट ओतलं जातंय

गोकस्टाड_गडी
नमस्कार मंडळी. दहाव्या शतकातल्या नॉर्स योद्ध्यांचा छोटा संच घडवतोय. मूळ पुतळे ग्रीन स्टफचे (निळा आणि पिवळा भाग मिसळला की कडक होणारी इपॉक्सी पुट्टी). साचा दोन भागांचा, टिन-क्युअर आरटीव्ही सिलिकॉनचा (खोलीच्या तापमानालाच घट्ट होणारं सिलिकॉन रबर). धातू शुद्ध कथील, वितळलं की लगेच ओततो. पुतळा साच्यात उलटा, डोकं खाली, आणि ओतायचं तोंड पायाखालच्या चकतीवर, साधारण १० मिमी उंच.

धड, पाय, चेहरा छान उतरतात. पण डोक्यावर उगारलेल्या कुऱ्हाडीचं पातं आणि तलवारीचं टोक भरत नाही. दुसऱ्या पुतळ्यात छातीसमोरच्या ढालीची कड तुटक येते. शिवाय पुतळा काढताना दाढीखाली सिलिकॉन फाटतंय. दोष धातूचा, साच्याचा की मूळ पुतळ्याचा?

ओतारी२८
थोडा थोडा तिघांचाही. आधी धातू बघू. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं. तिथेच ओतलं तर साच्याला टेकताच गोठायला लागतं आणि पात्यासारख्या पातळ जागी पोचतच नाही. २८० ते २९० पर्यंत न्या. अंदाजावर राहू नका, स्टीलच्या नळीतला के-टाइप प्रोब (तापमान मोजणारी तार) मल्टिमीटरला लावा. मात्र सिलिकॉन उष्णतारोधक, ३०० अंशांच्या आसपास टिकणारं हवं. साधं सिलिकॉन या तापमानाला लवकर कडक होतं आणि बारीक कडा आधी उडतात.

दुसरं, साचा थंड असणार. पहिले चार-पाच नग साचा तापवण्यासाठीच ओतायचे आणि परत मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, टाकायचे. साचा हाताला चांगला गरम लागायला लागला की खरं ओतकाम सुरू.

तिसरं म्हणजे तोंड. १० मिमी फार कमी. ३० ते ४० मिमी उंच, वर रुंद आणि पुतळ्याशी ५-६ मिमी असं शंकूच्या आकाराचं करा. वरच्या धातूच्या वजनामुळेच खालच्या बारीक जागा भरतात. पुतळ्याचा जाड भाग गोठताना आकसतो तेव्हा त्याला धातूही तिथूनच मिळतो.

कथलाऐवजी ६०/४० सोल्डर जास्त सहज वाहतं (वितळायला सुरुवात १८३ ला), पण त्यात शिसं असतं. ते वापरणार असाल तर स्वयंपाकघरात अजिबात नाही, हात धुतल्याशिवाय खाणं-पिणं नाही आणि घरात लहान मुलं असतील तर नकोच. कथील-बिस्मथ (४२/५८) १३८ अंशांनाच वितळतं आणि तपशील टोकदार देतं, पण ठिसूळ. त्याची तलवार पहिल्यांदा खाली पडली की मोडते. शिशाशिवाय करायचं तर कथलात पाचेक टक्के अँटिमनी असलेला मिश्रधातू चांगला, नुसत्या कथलापेक्षा कडक येतो.

शिल्परेघ
ओतारींचं सगळं बरोबर आहे, पण ढाल आणि दाढीचं दुखणं ओतकामात बरं होणार नाही. ते मूळ पुतळ्यात आहे.

२८ मिमीसाठी १:५६ धरा. नॉर्वेत सापडलेल्या गोकस्टाड या व्हायकिंग जहाजावरच्या ढाली सुमारे ९४ सेंटिमीटर व्यासाच्या, म्हणजे तुमची ढाल १६.८ मिमी. खऱ्या फळ्या जेमतेम ७-८ मिमी जाड, त्या प्रमाणात काढल्या तर ०.१४ मिमी होतात. घरच्या साच्यात इतकं पातळ काही भरत नाही. कड ०.८ मिमीपेक्षा पातळ ठेवू नका. डोळ्याला ती जाड वाटत नाही, कारण ढाल समोरून बघितली जाते.

त्याहून महत्त्वाचं, ढाल वेगळी ओता. छातीसमोर धरलेल्या ढालीमागे जी पोकळी राहते तिच्यात सिलिकॉन जिभेसारखं शिरतं आणि दर वेळी ओढून काढावं लागतं. सपाट साच्यात एका वेळी सहा ढाली निघतील. पुतळ्याच्या मुठीवर छोटी खुंटी आणि ढालीच्या पाठीत खाच ठेवली की झालं. दाढीचंही तसंच: दाढीची टोकं छातीपासून सुटी असतील तर तिथे आकडा तयार होतो. दाढी आणि छाती यांच्यामधली फट पुट्टीने बुजवून उताराची करा, वरून काही कळत नाही.

तारेचा सांगाडा वाकवतानाच साच्याची जोडरेघ कुठून जाणार ते पेन्सिलने कागदावर काढून घ्या. दोन्ही हात, शस्त्र आणि पावलं शक्यतो त्या एकाच प्रतलात आली पाहिजेत. उगारलेली कुऱ्हाड जरा मागे कललेली असली तर पातं त्या प्रतलाबाहेर जातं, आणि तुमच्या पात्यात हवा अडकत असेल तर ती याच कारणाने. पातं जोडरेघेवर आलं की हवा दोन भागांमधल्या फटीतून निघून जाते.

ग्रीन स्टफबद्दल: पट्टी असेल तर निळा आणि पिवळा भाग जिथे एकमेकांना टेकतात ती मधली रेघ कापून टाका, तिथे पुट्टी आधीच कडक झालेली असते आणि तिचे कण चेहऱ्यात येतात. निळा थोडा जास्त घेतला तर कडा तीक्ष्ण राहतात, पिवळा जास्त घेतला तर मऊ आणि चिकट. पण शस्त्रांना ग्रीन स्टफ योग्य नाही, वाळल्यावरही रबरासारखं लवचीक राहतं आणि कानसीने घासलं जात नाही. पात्यासाठी त्यात निम्मं मिलिपुट (दगडासारखी कडक होणारी दुसरी इपॉक्सी पुट्टी) मिसळा किंवा पितळी पत्रा कापा. भाल्याचा दांडा तर ओतूच नका. मूठ भरीव ओतून ०.८ मिमीचं भोक पाडा आणि पितळी तार घाला. दोन मीटरच्या भाल्याला ३६ मिमी तार लागते.

साखळी चिलखताला २३ गेजची इंजेक्शनची सुई (बाहेरचा व्यास ०.६ मिमी) घ्या. टोक सपाट घासून अर्धं वर्तुळ काढून टाका. पुट्टी मिसळल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने, बोटाला चिकटेनाशी झाली की, ओळीने अर्धचंद्र उमटवा, पुढची ओळ अर्ध्या घराने सरकवून. लवकर सुरू केलं तर आधीच्या ओळी बुजतात. विदर्भातल्या मे महिन्यात हा वेळ बराच कमी होतो, म्हणून एका वेळी वाटाण्याएवढीच पुट्टी मिसळा.

आणि शिरस्त्राणाला शिंगं नकोत! नॉर्वेतल्या येर्मुंडबूला १९४३ मध्ये सापडलेलं शिरस्त्राण बघा: गोल टोप आणि डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी. डेन्मार्कमधल्या व्हेक्सोची शिंगांची शिरस्त्राणं कांस्ययुगातली आहेत, व्हायकिंगांच्या सुमारे सतराशे वर्षं आधीची.

गोकस्टाड_गडी
मनापासून आभार. पाहून सांगतो: तलवारीचं टोक गोल, गुळगुळीत आणि चकचकीत आहे. कुऱ्हाडीच्या पात्यावर मात्र सुरकुत्यांसारख्या रेघा आहेत. हवा जाण्यासाठी दोन्हींना वाटा कापू का?

ओतारी२८
दोन वेगळे दोष आहेत. सुरकुत्या म्हणजे धातू किंवा साचा थंड, तिथे वाट कापून उपयोग नाही. गोल चकचकीत टोक म्हणजे पुढे हवा कोंडली. उलट, सगळा पुतळा दाणेदार आणि निस्तेज यायला लागला तर तापमान जास्त झालं, दोन नगांमध्ये जास्त थांबा.

शिल्परेघ
वाट कापण्याआधी टाल्कम पावडर. मऊ ब्रशने दोन्ही भागांना लावा, साचा उलटा करून टिचकी मारा, उरेल तेवढी पुरे. धातू तिच्यावरून सरकतो आणि हवेला निघायला जागा मिळते. अनेकदा एवढ्यानेच टोक भरतं. नाहीच भरलं तर टोकापासून वरच्या कडेकडे अर्धा मिलिमीटर रुंद, व्ही आकाराची खाच स्काल्पेलने पाडा. आधी बारीकच, कारण एकदा कापलेलं सिलिकॉन परत जुळत नाही.

ओतारी२८
टाल्कचं मान्य, तोच क्रम ठेवा. पावसाळ्यात साचा आणि पावडर दोन्ही कोरडी आहेत ना ते बघा. दमट साच्यात गरम धातू पडला की वाफ होऊन तो उडतो. चष्मा आणि चामड्याचे हातमोजे घालूनच ओता. मुशीत परत टाकायचे नग पाण्याने धुतले असतील तर पूर्ण वाळल्याशिवाय टाकू नका. वरची राखाडी साय चमच्याने बाजूला करा, वाटलं तर मेणबत्तीच्या मेणाचा छोटा तुकडा टाकून ढवळा. मेण पेट घेऊ शकतं, तेव्हा तोंड लांब ठेवा. कल्हईचा नवसागर इथे नको, धूर फार होतो. आणि मूस स्टीलची किंवा बिडाची घ्या, ॲल्युमिनियमची नाही.